थोरलीचं सुतक

“तुमच्या घरातली सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू कोणती, आणि ती कुठं ठेवता?”

मी एवढं विचारलं आणि समोरच्या म्हातारीनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, माझ्या कडेवरच्या मनूकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

जीपला टेकून उभा असलेला जानू कोकरे हसून हसून वाकला. “आवं ताई, असं इचारत्यात व्हय? चोराला बी लाज वाटंल.”

“मग कसं विचारू?”

“आदी पाणी मागायचं. मग पावसाचं बोलायचं. मग पोरीच्या दातांचं. आन् मग, उठता उठता म्हणायचं, मावशी, एवढी डबी ठिवाया जागा हाय का तुमच्यात?”

ती डबी म्हणजे हार्ड डिस्क. आणि तिच्यासाठी जागा शोधत मी दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन पठारावरच्या वाड्या पालथ्या घालत होते, कारण कर्णिक सरांनी मला तसं काम दिलं होतं.

वेळशीला नदीकाठी दोन खोल्यांचं आमचं कार्यालय होतं. कर्णिक सर भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. समोरच्या डोंगरात, धारवाडी नावाच्या धनगरवाड्याच्या वर एक लांबलचक भेग होती. तिच्या दोन्ही अंगांना खुंट ठोकून सरांनी तारा ताणल्या होत्या, आणि डोंगर किती सरकला हे तिथली यंत्रं तासातासाला आपोआप टिपून ठेवत. नऊ वर्षांच्या त्या नोंदी कार्यालयातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरमध्ये होत्या. कागदावर काहीच नव्हतं. माझ्या नवऱ्याची धरणावरच्या वीजघरात बदली झाली, म्हणून मी त्या गावात आले. बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे कळल्यावर सरांनी मला त्या कॉम्प्युटरसमोर बसवलं.

जानू जीप चालवायचा, यंत्रांची देखभाल करायचा, आणि राहायचा धारवाडीत. त्याची आई, बायको, दोन पोरं, सगळी त्या भेगेच्या खाली. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेले तेव्हा म्हणाला होता, “ताई, आमच्या उशाशी भिंत न्हाई, भेग हाय.” दिवाळीनंतर जिल्ह्याहून समिती येणार होती. धारवाडीला खाली माळावर जागा द्यायची की नाही, हे ती ठरवणार होती. मागं एकदा साहेब येऊन गेले होते आणि म्हणाले होते, डोंगर असेच असतात. या खेपेला सर त्यांच्यासमोर आकडे ठेवणार होते.

त्या जुलैत नदीचं पाणी कार्यालयाच्या पायरीला लागून परत गेलं. ते उतरल्यावर सरांनी मला बोलावलं.

“रेवती, ही खोली गेली तर काय उरेल?”

“काही नाही, सर.”

“मग योजना कर.”

इंटरनेट तिथं नावापुरतं. एक फोटो पाठवायचा तर चहा करून, पिऊन, कपबश्या धुऊन व्हायच्या. तेव्हा जे काही बाहेर ठेवायचं ते हातानंच न्यायला हवं होतं. मी दोन डिस्क मागवल्या. एक कायम कार्यालयात, दुसरी कायम दूर, उंचावर. दर बाजाराच्या दिवशी ताजी भरलेली वर जाणार, जुनी खाली येणार. दोन्ही एका जागी कधीच राहणार नाहीत.

मला हे कुणी सुचवावं लागलं नाही. मनू झाल्यापासून माझ्या पिशवीत सगळ्याच वस्तू दोन असायच्या. दोन थर्मामीटर, दोन बाटल्या, आणि त्यातली एक नेहमी वेगळ्या कप्प्यात. नवरा चेष्टा करायचा, मनू तेवढी एकच आहे म्हणून तुला झोप लागत नाही. खरंच लागत नव्हती.

मी जानूला नियम समजावला तर म्हणाला, “म्हंजे दोन जावा. एका चुलीवर न्हाई नांदायच्या.” त्याच दिवशी त्यानं त्यांची नावं ठेवली, थोरली आणि धाकटी.

तर जागा. कडी लावून घेणाऱ्या म्हातारीनंतर मी जानूच्या पद्धतीनं विचारायला लागले आणि मला त्याची चटकच लागली. कुणी काय जपतं आणि कुठं! कुणाकडं कणगीत पुरलेलं सोनं, कुणाकडं माळ्यावर नवऱ्याचं पहिलवानकीचं लंगोट, कुणाकडं आढ्याला टांगलेलं बी. एका आजोबांनी तर पाडलेला स्वतःचा दात दाखवला. मनू सगळं टुकूटुकू बघायची आणि मीही.

बोरमाळला पठाराच्या टोकावर इंदूकाकींची पिठाची गिरणी होती. गिरणी पुढच्या अंगाला, घर मागं. आम्ही गेलो तेव्हा काकी भुवयांपर्यंत पांढऱ्या होत्या. पट्टा थांबवून त्यांनी पदरानं तोंड पुसलं, ते आणखीच पांढरं झालं.

मी जानूकडे पाहून मान हलवली. इथं नको. पिठाचा एक कण आत गेला तरी डिस्क संपली असती. पण पाणी मागून झालं होतं, पावसाचं आणि दातांचंही झालं होतं, म्हणून मी विचारलं.

काकींनी हात धुतले. कोपरापर्यंत. मग कमरेची किल्ली काढून आत गेल्या आणि एक झबलं घेऊन आल्या. पांढरं मलमलचं, बंदांचं. कालच शिवल्यासारखं.

“माझ्या लेकाचं. आता त्येला टक्कल पडाया लागलंय.”

मी ते हातात घेतलं. डाग नाही, पिवळेपणा नाही, पिठाचा कण नाही. वास वेखंडाचा. मनूच्या टाळूला मी रोज वेखंड लावत होते, तो वास मी झोपेतही ओळखला असता.

“काकी, एक डबी ठेवाल का?”

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे तू झबल्यावरून जागा ठरवलीस.”

“जागा उंचावर आहे, सर. पूर येत नाही. लोखंडी पेटी आहे, पाटावर ठेवलेली, गिरणीपासून दूर.”

“मग तेवढंच सांगावं. झबलं कशाला?”

“कारण तेवढं बाकीच्या घरांतही होतं.”

पहिली डिस्क मी स्वतः द्यायला गेले. काकींनी ती कानाशी धरून हलवली. “वाजत न्हाई. काय हाय ह्यात?”

“हलवू नका!” मी ओरडलेच. “यात धारवाडीचा डोंगर आहे.”

“अख्खा?”

“तो किती सरकला ते. हे पडलं, आपटलं, तर सगळं गेलं. पाणी नको, पीठ नको, ऊन नको.”

काकींनी मनूकडे पाहिलं, मग डिस्ककडे. मग तिच्याखाली तळवा धरला. “मान धरायची म्हण की.”

त्यानंतर दर बाजारी जानू एक घेऊन जायचा, दुसरी आणायचा. वरून येणारी डिस्क मी खिडकीशी नेऊन उलटसुलट बघायची. फटीत, वायरच्या टोकाशी, कुठंच पीठ नाही. वेखंडाचा वास मात्र दर वेळी. मला राहवेना. गिरणीच्या घरात ही एवढी लख्ख राहते कशी?

“पेटीतच ठेवतात ना रे काकी?”

“मला दारातच थांबवत्यात. आत जात्यात, हात धुत्यात, घिऊन येत्यात.” मग आवाज खाली आणून, “बोलत्यात बी तिच्यासंगं. म्या ऐकलंय.”

“काहीतरीच.”

“आईच्यान. परवा धाकटीला म्हणत हुत्या, नीट जा, घाटात वारं हाय.”

एकदा दरड येऊन घाट बंद झाला आणि त्या आठवड्यात अदलाबदल चुकली, तर घाट खुला होताच काकींनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. धाकटी का आली नाही? आजारी आहे का?

मग खंडेनवमी आली.

सर देवाधर्माचे नव्हते, पण नवमीला जानूचं राज्य असे. आदल्या दिवशीच त्यानं कार्यालय सारवल्यासारखं पुसून काढलं. हातोडे, पहारी, तारा, मोजपट्ट्या, जीपची चावी, सरांचं भिंग, सगळी हत्यारं एका सतरंजीवर ओळीनं. वर्षभर ज्यांच्यावर पोट चाललं ती त्या दिवशी एकत्र बसणार, हळदकुंकू लावून घेणार, त्या दिवशी त्यांना काम नाही.

“थोरलीला निरोप दिलाय,” नवमीच्या सकाळी तो झेंडूची माळ ओवता ओवता म्हणाला. “सकाळच्या गाडीनं येतीया.”

“कुठं येते?”

“हितं. पूजंला.”

“जानू, दोघी एका छताखाली नकोत. तूच म्हणतोस, जावा...”

“आवं, सणाला जावा येत्यातच की एकत्र! वर्षाचा सण, आन् थोरली परक्याच्या घरी बसवायची? डोंगर कुणी मोजला? ह्या पहारीनं? तिचा मान पयला.”

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी हसून हात उडवले. “तासाभराचा प्रश्न आहे, रेवती. संध्याकाळी जाईल परत.”

तासाभरात मूल खाटेवरून पडतं, हे मला म्हणायचं होतं. पण सणाच्या दिवशी किती बोलायचं? मी मनूला घेऊन ओट्यावर जाऊन उभी राहिले. आकाश डोंगरामागं काळं होत होतं. परतीचा पाऊस असाच यायचा, गडगडत.

आत जानूचं चाललंच होतं. “मशीन चालू करा. धाकटी जोडा. बंद यंत्राची पूजा म्हंजे मढ्याची पूजा. दिवा लागलेला दिसाया पायजे.” सरांनीच कॉम्प्युटर चालू केला, धाकटी जोडली. तिचा निळा दिवा लुकलुकायला लागला. जानूनं तिच्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि शेजारची जागा थोरलीसाठी मोकळी ठेवली. तिची वायरसुद्धा लावून ठेवली.

एस.टी. आली. कंडक्टर खाली उतरलाही नाही, दारातूनच म्हणाला, “कोकरे, काकींनी सांगितलंय, ती येत न्हाई. तिला सुतक हाय.”

“कुणाला? काकींना?”

“तिला, म्हणाल्या. मला काय म्हाईत, मी निरोप्या.” घंटी वाजली, गाडी गेली.

जानू चिडला. “डबीला कसलं सुतक? न्हाई द्यायची तर न्हाई म्हणावं.”

सुतक म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं. पडली असेल. पाण्यात गेली असेल. काकींना सांगायची हिंमत होत नसेल.

“आरती करून घ्या,” सर म्हणाले. “पाऊस येतोय.”

जानूनं तबक उचललं. मी मनूला घेऊन उंबऱ्याशी आले. कापूर पेटला, आणि त्याच क्षणी सगळं पांढरं झालं. आवाज मागून आला. छताच्या वर नाही, माझ्या डोक्याच्या आत फुटल्यासारखा. मी मनूचे कान दाबून खाली बसले होते. कधी बसले ते आठवत नाही.

“मनू?” सरांचा आवाज.

मनूनं श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. त्याहून गोड काही मी तोवर ऐकलं नव्हतं.

मग वास आला, जळक्या प्लास्टिकचा. वीज खांबावर पडून वायरीतून आत आली होती. कॉम्प्युटरच्या मागून धुराची बारीक रेघ निघत होती. जानूनं खटका ओढला. झेंडूचं फूल जागच्या जागी होतं. त्याच्याखालचा निळा दिवा गेला होता.

सरांनी दुपारभर खटपट केली, मीही केली. कॉम्प्युटर आणि धाकटी, दोन्ही मेली होती.

जानू सतरंजीच्या कडेला उकिडवा बसला होता. “म्या म्हनलं चालू करा. म्याच म्हनलं.” त्याचं घर त्या नोंदींवर उभं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

“मी केलं चालू,” सर म्हणाले.

“थोरली आली नाही,” मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“आली नाही म्हणजे वर आहे. असली तर.”

बोरमाळला फोन लागायचा नाही. पाऊस ओसरताच आम्ही निघालो. मनूला घरी ठेवायला कुणी नव्हतं, तिला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं. घाटभर मला एकसारखा कंडक्टरचा तो शब्द ऐकू येत होता. तिला.

गिरणी बंद होती. पट्टा उतरवून ठेवलेला, अंगण झाडलेलं, पिठाचा वाससुद्धा नाही. काकी ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच पिठाशिवाय पाहत होते. एकदम सावळ्या आणि लहानशा दिसल्या.

मी पुढं झाले तशा त्या मागं सरकल्या. “थितंच थांब. शिवू नगंस. पोरीला तर आजाबात न्हाई.”

“काकी, डबी?”

“हाय की.”

“बरी आहे? पडली नाही, भिजली नाही?”

“तिला काय धाड भरलीया?”

“मग धाडली का न्हाई?” जानूचा आवाज फाटला.

“सुतक न्हाई का? भावकीतला चुलत दीर गेला. गिरणी बंद, देवपूजा बंद.”

“ते तुम्हाला, काकी,” मी म्हणाले. “तिला कसलं सुतक?”

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की कॉलेजात शिकवतात तरी काय.

“माझ्या घरात ऱ्हाती न्हवं ती?”

जानू मटकन खाली बसला. ओल्या अंगणात, तसाच. आधी मला वाटलं तो रडतोय, मग कळलं हसतोय, मग दोन्ही. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. त्यांनीच काकींना काय झालं ते सांगितलं. काकी ऐकत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, “धाकटी गेली म्हण की. अरारा. धाकटी गेली.”

“तेव्हा काकी,” सर म्हणाले, “आता आत्ताच्या आत्ता थोरलीला घेऊन जायला हवं.”

“तेरावं झाल्याबगार उंबरा न्हाई वलांडायची ती.”

“अहो, समिती यायची आहे! या माणसाचं घर आहे त्यात.”

“म्हनून तर. सुतकातली वस्तू घिऊन जाऊन त्येच्या घराचं काम करनार व्हय?”

सर माझ्याकडे वळले. मी बाईमाणूस, मी समजूत घालावी, असं त्यांच्या तोंडावर होतं. मी घाटाकडे पाहिलं. दुसरा ढग येत होता. खाली जळका कॉम्प्युटर, तुटकी वीज, आणि जगात उरलेली एकच डिस्क. ती मांडीवर घेऊन, मनूच्या शेजारी, त्या निसरड्या घाटानं?

“राहू दे, सर.”

“रेवती?”

“समिती दिवाळीनंतर येणार. नवा कॉम्प्युटर यायलाच तेरावं उलटेल. खाली नेऊन ठेवायची कुठं? ही एकच आहे आता. एकटीला आज घाट उतरवायचा नाही.”

जानू उठला. मला वाटलं तो भांडेल. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. बरी हाय हितं.”

“काकी, पण एकदा दाखवा. लांबूनच.”

काकी हात धुऊन आल्या. दाराशीच पेटी ओढून आणली, किल्ली लावली, माझ्याकडे तोंड करून झाकण उघडलं. आत घडी घातलेला शालू, त्यावर वेखंडाची कांडकी, आणि मधोमध थोरली. झबलं घातलेली. बंद नीट बांधलेले, आणि एका बाहीतून वायरचं टोक बाहेर काढलेलं.

मनूनं दोन्ही हात पुढं केले आणि “बा” म्हणाली. आपल्याएवढं कुणीतरी दिसलं की ती तेच म्हणायची.

तेरावं झाल्यावर थोरली एस.टी.नं आली. कंडक्टर या वेळी खाली उतरला आणि गाठोडं दोन्ही हातांनी दिलं. झबल्यावरून खण गुंडाळलेला, सोबत नारळ आणि तांदूळ. ओटी भरून पाठवली होती.

सरांनी नवा कॉम्प्युटर मांडला. आभाळ निरभ्र होतं, तरी मी ओट्यावर जाऊन पाहून आले. वायर जोडताना बाहीतून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. निळा दिवा लागला. जानू दारात उभा होता, आत यायला तयार नव्हता.

“उठली का?”

पडद्यावर धारवाडीचा डोंगर ओळीनं उतरायला लागला. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं. नवमीआधीच्या बाजारापर्यंतचा सगळा.

“उठली,” मी म्हणाले.

समितीनं आकडे पाहिले, प्रश्न विचारले, पुन्हा एकदा येऊन पाहिले. पुढच्या पावसाळ्याआधी धारवाडी माळावर उतरली. आमच्या योजनेच्या कागदावर मी एक ओळ वाढवली, सणालाही नाही. नवमीला त्यानंतर जानूच हळदकुंकू घेऊन बोरमाळला जायचा.

नवऱ्याची बदली झाली, आम्ही मिरजेला आलो. दोन वर्षांनी जुलैत, भर पावसात, जानूचा फोन आला. मागं खूप माणसांचा गलका होता.

“ताई, तुमी काकींना फोन लावा. आता लागतोय त्येंच्यात. माझ्याच्यानं बोलवंना.”

“काय झालं? जानू, घरचे सगळे?”

“हायती समदी हितंच, माळावर. तुमी थोरलीला निरोप द्या फकस्त.”

“काय निरोप?”

“म्हणावं, डोंगर आला हुता. घरी कुनी न्हवतं.”